सरकारी माळावर आरव्ही लावून नऊ रात्री: अनुभव, पाण्याचा हिशोब आणि तुमचे प्रश्न

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-आण्णा आणि आम्ही तिघं अशी पाच माणसं आरव्ही, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात नऊ रात्री राहून आलो. पाच रात्री जागेचं भाडं शून्य, उरलेल्या चार रात्री मिळून ४० डॉलरचं एक परमिट. जायच्या आधी मराठीत काही सापडेना आणि इंग्रजीत इतकं सापडलं की डोकं गरगरलं, म्हणून लिहून ठेवतेय, वय झालेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना तरी उपयोग होईल.

आधी थोडक्यात भानगड काय आहे ते. अमेरिकेत पश्चिमेकडे प्रचंड जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. त्यातली मोठी दोन खाती म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, ज्याला सगळे बीएलएम म्हणतात, आणि फॉरेस्ट सर्व्हिस. एकट्या बीएलएमकडे साधारण २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. यातल्या बऱ्याच भागात तुम्ही आधीपासून वापरात असलेल्या जागेवर गाडी लावून फुकट राहू शकता. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस हा नियम, मग तिथून हलायचं. नळ नाही, वीज नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. याला सरकारी भाषेत डिस्पर्स्ड कॅम्पिंग आणि आरव्हीवाल्यांच्या भाषेत बूनडॉकिंग म्हणतात. नॅशनल पार्क मात्र यात येत नाहीत, तिथे ठरलेल्या कॅम्पग्राउंडवरच राहायचं.

आमचा रस्ता असा: फिनिक्सहून आय-१० हायवेने क्वार्ट्झसाइट गाव, साधारण १३० मैल, तिथे प्लोमोसा रोडला तीन रात्री. मग कोफा वाइल्डलाइफ रेफ्यूज या अभयारण्यात दोन रात्री. शेवटच्या चार रात्री युमाजवळ इम्पीरियल डॅमला. इम्पीरियल डॅम हा लाँग टर्म व्हिजिटर एरिया आहे, म्हणजे थंडीत महिनोन्‌महिने राहणाऱ्यांसाठी बीएलएमने राखून ठेवलेला भाग, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परमिट लागतं, आम्ही गेलो तेव्हा १४ दिवसांचं ४० आणि पूर्ण सीझनचं १८० डॉलर होतं, जायच्या आधी दर बघून घ्या. पैसे देऊन तिथे राहिलो कारण पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आहे.

आता खरं सांगायचं ते पाण्याचं. आमच्या आरव्हीची गोड्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. मला वाटलं पाच माणसांना चार दिवस आरामात जाईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर टाकीत पाव हिस्सा राहिलेला. मी नळ चालू ठेवून भांडी घासत होते, नवरा पाणी गरम होईपर्यंत शॉवर सोडून उभा राहायचा, मुलगी दात घासताना नळ बंद करायची नाही. आई दोन दिवस काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी तिने सिंकजवळ एक पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "आता नळाला मी सोडून कुणी हात लावायचा नाही."

आई म्हसवडकडची. ७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांची होती, खडी फोडायच्या कामावर जायची, सुकडी खाऊन दिवस काढलेत, नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरलेला आहे. तिने त्या आरव्हीत जे केलं ते मी कुठल्याही व्हिडिओत बघितलं नव्हतं. ताटं आधी कागदाने पुसून कोरडी करायची, मग पातेल्यात दोन तांबे गरम पाणी घेऊन आधी पेले, मग ताटं, शेवटी कढई, त्याच क्रमाने. तांदूळ धुतलेलं पाणी कणकेला. नळ गरम होईपर्यंत येणारं गार पाणी वाया घालवायचं नाही, ते बाटलीत धरून चहाला. आंघोळ रोज नाहीच, एक दिवसाआड, बादलीत तीन तांबे गरम आणि एक गार. बाकी दिवशी ओल्या पंच्याने अंग पुसायचं. क्वार्ट्झसाइटला टाकी परत भरली तेव्हापासून ४० गॅलन पाच दिवस पुरलं. पाच माणसांना दिवसाला ८ गॅलन, ३० लिटर. प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये होतं, ते यात धरलेलं नाही. अमेरिकेत घरी माणशी दिवसाला ८० ते १०० गॅलन वापरलं जातं असं सरकारचेच आकडे सांगतात.

विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं लिहिते.

बे_एरियातला_बाप

वा, वाचनखूण साठवली. आम्हीही मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला विचार करतोय, दोन मुलं आहेत. एक शंका, भाड्याच्या आरव्हीने कच्च्या रस्त्यावर जाऊ देतात का? मी दोन ठिकाणी विचारलं तर दोघांनीही नाही म्हणून सांगितलं.

माणदेशी_लेक

हो, मोठ्या कंपन्यांच्या करारात बहुतेक वेळा कच्च्या रस्त्याला मनाई असते, बारीक अक्षरात असते पण असते, आणि मग तिथे काही झालं तर विमाही हात वर करतो. आम्ही एका खाजगी मालकाची घेतली आणि त्याला आधीच मेसेज करून लेखी विचारलं की बीएलएमच्या जागेवर नीट ठेवलेल्या खडीच्या रस्त्याने जाऊ का, तो हो म्हणाला, तो मेसेज जपून ठेवला. तोंडी हो वर जाऊ नका. प्लोमोसा रोड स्वतः डांबरी आहे, त्यावरून फक्त बाजूच्या माळावर उतरायचं, जमीन खडीसारखी घट्ट असते. पहिल्यांदा जाणाऱ्याला तोच भाग बरा.

दुसरं म्हणजे जनरेटरचे तास आणि मैल यांचे वेगळे पैसे लावतात, ते आधीच विचारा.

नटबोल्ट_काका

धागा आवडला. पाण्याचं सविस्तर लिहिलंत, विजेचं काय केलंत? सोलर होतं का? मी बारा वर्षं आरव्ही वापरतोय आणि लोक परत येतात ते पाण्यामुळे कमी आणि बॅटरीमुळे जास्त.

माणदेशी_लेक

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. पहिल्याच रात्री तीन वाजता सगळं बंद पडलं. बाहेर चारेक डिग्री होतं, सेल्सिअस. आण्णांना झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं, ते बंद पडलं आणि ते घाबरून उठून बसले. गाडी गरम ठेवणारी भट्टी पण बंद. माझी समजूत होती की भट्टी प्रोपेनवर चालते म्हणजे विजेचा संबंध नाही. तिचा पंखा बॅटरीवर चालतो हे मला त्या रात्री कळलं. जनरेटर चालू करायला गेलो तर तो सुद्धा त्याच बॅटरीवर स्टार्ट होतो. शेवटी डॅशबोर्डवर एक बटण सापडलं ज्याने इंजिनाची बॅटरी तात्पुरती जोडली जाते, ते दाबून धरून जनरेटर चालू झाला. शेजारी दोनशे फुटांवर एक म्हातारं जोडपं होतं, रात्री दहानंतर जनरेटर लावायचा नसतो म्हणून सकाळी त्यांच्याकडे माफी मागायला गेले. त्या आजोबांनी उलट एक जास्तीची बॅटरी दोन दिवस वापरायला दिली.

नटबोल्ट_काका

बरं झालं निभावलं. हिशोब मांडतो, म्हणजे इतरांना कळेल. भाड्याच्या गाडीत बहुधा १०० अँपिअर-अवरची एकच साधी लेड-ॲसिड बॅटरी असते. ती निम्म्याच्या खाली नेली की खराब होते, म्हणजे हाताशी ५०. भट्टीचा पंखा ७ अँपिअर खातो, थंडीच्या रात्री दहा तासांत निम्मा वेळ चालला तर ३५ गेले. सीपॅपचं ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, चालू असेल आणि इन्व्हर्टरमधून चालवत असाल तर आठ तासांत आणखी ४० च्या आसपास. झाले ७५. त्यात बॅटरी जुनी असेल तर तीन वाजता बंद पडणारच.

उपाय: ह्युमिडिफायर बंद ठेवायचं, डॉक्टरांना विचारून. सीपॅपसाठी इन्व्हर्टर न वापरता १२ व्होल्टची वायर मिळते ती घ्यायची, त्याने इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वाचते. भट्टी रात्रभर चालू न ठेवता रजया जास्त न्यायच्या, पहाटे एक तास लावायची. आणि सीपॅपवाला माणूस बरोबर असेल तर वेगळं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, घेऊनच निघा, एका बॅटरीच्या भरवशावर वडिलांचा श्वास ठेवू नका. लिथियमची १०० अँपिअर-अवरची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करता येत नाही हे लक्षात असू द्या, डोंगरात जाणाऱ्यांनी खास.

आणि हात जोडून सांगतो, गॅसच्या शेगडीवर गाडी गरम करत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का ते पहिल्या दिवशीच बघा.

प्रश्नकर्ती

नटबोल्ट काका, फोडणी दिली की तो अलार्म वाजतो का? माझ्या घरचा तर वाजतोच.

नटबोल्ट_काका

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा असतो. छताचा पंखा लावा, खिडकी उघडा, किंवा फोडणी बाहेर टेबलावर शेगडी ठेवून करा. अलार्मची बॅटरी मात्र काढून ठेवू नका, लोक काढतात आणि परत लावायला विसरतात.

गावाकडून

मी सांगली जिल्ह्यात असतो, तुमच्याकडच्या गोष्टी वाचायला आवडतात. ताई, हे म्हणजे आपल्याकडचं गायरानच की?

माणदेशी_लेक

दादा, मला पण तेच वाटलं होतं आणि आण्णा तर पहिल्या दिवसापासून "गायरानात आलोय" असंच म्हणत होते. आणि ते फार चूक नाहीये. १८६२ च्या कायद्याने लोकांना शेतीला जमिनी वाटल्या, पाण्याच्या जमिनी उचलल्या गेल्या, डोंगर-वाळवंट-माळ कुणी घेतला नाही तो सरकारकडे राहिला. तिथे गुरं-मेंढरं चरायची, चराई फार झाली म्हणून १९३४ मध्ये चराईचा कायदा आला, आणि चराईचं खातं व जमिनींचं जुनं खातं एकत्र करून १९४६ मध्ये बीएलएम झालं. आजही कितीतरी भागात गुरं मोकळी असतात, रस्त्यात लोखंडी पट्ट्यांचं जाळं असतं, त्यावरून गुरं जात नाहीत पण गाडी जाते. रात्री गाडी चालवायची नाही याचं एक कारण तेच. फरक एवढा की आपलं गायरान गावाचं असतं, ग्रामपंचायत बघते, इथे मैलोन्‌मैल गावच नाही.

आणि "कुणी घेतला नाही" हे सुद्धा अर्धंच खरं आहे, त्याच्या आधी तिथे मूळचे लोक राहत होतेच, त्यांच्याकडून तो गेला. कोफाच्या आसपास फिरताना ते सारखं मनात येत होतं.

रानवाट

छान धागा. थोडं शब्दाबद्दल: बूनडॉक हा फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेतला बुंडोक, म्हणजे डोंगर. अमेरिकन सैनिक तिथून घेऊन आले.

आता जरा टोचेल असं लिहिते. कृपा करून नेमक्या जागांचे कोऑर्डिनेट्स इथे टाकू नका. क्वार्ट्झसाइट ठीक आहे, तिथे थंडीत आधीच जत्रा असते. पण सेडोनाच्या पश्चिमेला फॉरेस्ट रोड ५२५ चं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दहा वर्षांपूर्वी तिथे लाल कड्यांसमोर मोजून चार गाड्या असायच्या. मग फोटो फिरले, यादीत नाव आलं, शेकडो गाड्या, झाडांमागे कागद आणि विष्ठा, नवीन नवीन चाकोऱ्या, विझवलेल्या-न विझवलेल्या चुली. आता तिथे ठरवून दिलेल्या मोजक्या जागांवरच राहता येतं. कॅलिफोर्नियातल्या अलाबामा हिल्सचंही तसंच, लोन पाइनजवळ, समोर माउंट व्हिटनी. तिथे आता ठराविक जागा आणि परमिट, फुकट आहे पण लागतं.

टेक्सासकर

रानवाट, तुमचं दुःख समजतं पण मला हे पटत नाही. जमीन सगळ्यांची आहे. जागा गुप्त ठेवल्या तर ज्यांचे मित्र आधीपासून जातात त्यांनाच मिळणार, आणि आपल्यासारखी नवीन आलेली माणसं कायम ४०-५० डॉलर रात्रीचं भाडं देत राहणार. घाण करतो तो माहिती नसल्यामुळे करतो. माहिती द्या, जागाही द्या.

रानवाट

माहिती द्याच, मी त्याच्या विरोधात नाहीच. मी म्हणते जागा शोधायची कशी ते शिकवा. फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप फुकट मिळतो, त्यात ज्या रस्त्यांच्या कडेला गाडी लावून राहता येतं तिथे ठिपके असतात. बीएलएमच्या स्थानिक ऑफिसला फोन केला की बाई किंवा बुवा अगदी प्रेमाने सांगतात कुठला रस्ता चांगला आहे, कुठे आगीमुळे बंद आहे. ज्याने हे दोन केलं तो तिथे घाण करणार नाही, असा माझा अनुभव आहे. जो नुसता पिन दाबून येतो त्याला तो रस्ता कुणाचा आहे हेही माहिती नसतं. ॲरिझोनात मध्येच स्टेट ट्रस्टची, म्हणजे राज्य सरकारकडची जमीन लागते, ती दिसायला तशीच, पण तिथे वेगळं परमिट काढावं लागतं.

टेक्सासकर

ऑफिसला फोन करायचं कधी सुचलंच नाही, हे मान्य. पुढच्या वेळी करून बघतो. जागेबद्दल माझं मत तेच आहे.

माणदेशी_लेक

मी दोघांचं मधलं करते, ज्या जागांवर बीएलएमने स्वतः पाट्या लावून १४ दिवसांचे भाग केलेत तेवढीच नावं लिहिते. क्वार्ट्झसाइटजवळ प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश, रोड रनर, हाय जॉली. यातल्या काही ठिकाणी कॅम्प होस्टकडे, म्हणजे तिथेच राहून देखरेख करणाऱ्याकडे, जाऊन नाव नोंदवून फुकट चिठ्ठी घ्यायची असते.

हाय जॉलीवरून आठवलं. ते नाव म्हणजे हाजी अली. १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला, इथल्या लोकांना नाव म्हणता येईना म्हणून हाय जॉली. १९०२ मध्ये वारला, क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात त्याची दगडी पिरॅमिडसारखी समाधी आहे, वर धातूचा उंट. आई तिथे बराच वेळ उभी होती. "एवढ्या लांब आला बिचारा, नावसुद्धा धड राहिलं नाही," म्हणाली. मुलीने त्याच्या समाधीवर पांढरा गारगोटीचा दगड ठेवला.

प्रश्नकर्ती

आता विचारायला अवघड वाटतं पण सगळ्यांनाच हवं असेल, संडासचं काय? माझ्या सासूबाई गुडघ्यामुळे खाली बसू शकत नाहीत आणि त्यांना वारंवार जावं लागतं.

माणदेशी_लेक

अवघड वाटायचं काहीच कारण नाही, मी आईला पहिल्यांदा हेच समजावून सांगितलं. आरव्हीत कमोड असतो त्यामुळे गुडघ्याची काळजी नाही. त्याची टाकी वेगळी, ब्लॅक टँक. सिंक-आंघोळीची वेगळी, ग्रे टँक. दोन्ही फक्त डंप स्टेशनवर रिकाम्या करायच्या. एक चूक आम्ही करणार होतो, ती तुम्ही करू नका: पाणी वाचवायच्या नादात ब्लॅक टँकमध्ये पाणी कमी घालायचं नाही. पाणी कमी पडलं की मैला खाली साचून घट्ट होतो आणि मग निघत नाही. तिथे पाणी सढळ हाताने, त्यासाठी भांड्यांचं शेवटचं स्वच्छ पाणी बादलीत धरून ठेवायचो आणि तेच ओतायचो. कागद आरव्हीचाच वापरा, ओले वाइप्स अजिबात नाही.

पाच माणसांत चौथ्या दिवशी ब्लॅक टँक भरत आली, म्हणून डंप स्टेशनच्या हिशोबानेच मुक्काम आखा.

टेक्सासकर

आणि भांड्याचं पाणी झाडाला घातलं तर काय बिघडलं? वाळवंटात झाडाला पाणी मिळालं तर चांगलंच ना.

माणदेशी_लेक

आईचं पण हेच म्हणणं होतं. आमच्या घरी मोरीचं पाणी परसातल्या केळीला जातं, तिला ते टाकीत भरून ठेवणं म्हणजे पाप वाटत होतं, क्रिओसोटच्या झुडपाकडे बोट दाखवून म्हणायची, त्याला तरी घालूया. बऱ्याच ठिकाणी ते जमिनीवर सोडायला बंदी आहे. का बंदी आहे ते शेजारच्या आजोबांनी तिला नेऊन दाखवलं, एका जुन्या जागेवर लोकांनी पाणी सोडलेलं, तिथे चिकट काळा डाग, माशा, उष्टं, आणि रात्री कोयोटीचे पाय उमटलेले. पाऊस वर्षात अगदी थोडा, धुवून जायला काही नाही. केळ रोज पीत असते, तिच्याभोवतीची माती ओली आणि जिवंत असते, इथली माती तशी नाही. ते बघितल्यावर आई म्हणाली बरं, टाकीतच घाल. मग तिने साबणच निम्मा केला.

रानवाट

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आरव्हीबाहेर जायची वेळ आलीच तर सहा ते आठ इंच खड्डा, पाण्यापासून दोनशे फूट लांब, कागद पिशवीत घालून परत आणायचा. युटामधल्या मोआबसारख्या भागात तर मैला सुद्धा बरोबर परत न्यावा लागतो, त्याच्या पिशव्या मिळतात.

एकटी_फिरस्ती

मी व्हॅन घेऊन एकटी फिरते, तीन वर्षं झाली. बायका विचारतात भीती वाटत नाही का. माझा नियम एकच, अंधार पडायच्या दोन तास आधी पोचायचं. उजेडात जागा बघितली, शेजारी कोण आहे ते बघितलं, मनाला नाही पटलं तर निघायला वेळ असतो. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावते. सिग्नल नसेल तिथे सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र बरोबर असतं, बहिणीला रोज रात्री एक मेसेज. आजवर माणसांचा त्रास झाला नाही, वाऱ्याचा झालाय. साउथ डकोटात बॅडलँड्सच्या कड्यावर, वॉल गावाजवळ, रात्रभर व्हॅन इतकी हलत होती की पहाटे चारला कड्यापासून मागे घेतली. दिसायला ती जागा स्वर्ग आहे पण वाऱ्याचा अंदाज बघूनच जा.

वायोमिंगमधल्या टेटनच्या डोंगरांकडे जाणार असाल तर तिथल्या फॉरेस्टच्या काही भागांत उन्हाळ्यात १४ नाही, ५ दिवसांचीच मुभा असते, आणि अस्वलं आहेत, त्यामुळे डबे, मसाले, तेल, टूथपेस्ट सगळं बंद गाडीत. साताठ हजार फुटांवर साध्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, पाणी ९२ डिग्रीलाच उकळतं. छोटा कुकर न्या, गॅस पण वाचतो.

बे_एरियातला_बाप

माझा एच-१बी आहे, आई-वडील व्हिजिटर व्हिसावर. त्या भागात बॉर्डर पेट्रोलच्या चौक्या आहेत असं ऐकलं.

माणदेशी_लेक

हो, युमाच्या आसपास हायवेवरच असतात, आम्हाला युमाहून क्वार्ट्झसाइटकडे परत येताना लागली. सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट गाडीत समोरच ठेवा, सुटकेसच्या तळाला नको. १८ वर्षांवरच्या बिगर-नागरिकांनी कागद जवळ बाळगायचे असा कायदाच आहे. आमच्याकडे बघितले, दोन मिनिटांत जा म्हणाले. आण्णा मात्र पोलीस दिसला की ताठ होतात, त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं.

कोफातलं एक राहिलंच. तिथे रस्त्यापासून १०० फुटांच्या आतच गाडी लावायची असते. आम्हाला एक सपाट, मऊ वाळूची सुंदर जागा दिसली, दोन्हीकडे हिरवी झाडं, सावली. नवरा गाडी वळवणार तेवढ्यात आण्णा खाली उतरले, झाडांच्या बुंध्याशी अडकलेला पालापाचोळा हाताने दाखवला, त्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर होता. म्हणाले, "ही नदी हाय. हितं गाडी लावू नगंस." इथे त्याला वॉश म्हणतात. वर्षभर कोरडा, आणि वीस मैलांवर डोंगरात पाऊस झाला तरी इथे लोंढा येतो, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असताना. जुलै ते सप्टेंबर इथला मान्सून, इथेही मान्सूनच म्हणतात, तेव्हा तर बिलकुल नाही. माणगंगेच्या काठच्या माणसाला ते पाचोळ्यावरून कळलं, आमच्या फोनवर तो नुसता पांढरा भाग दिसत होता. दोनशे पावलं वर चढावर गाडी लावली. तिथून कोफाचे डोंगर संध्याकाळी असे काही पेटल्यासारखे लाल होतात, आणि रात्री आकाशगंगा इतकी स्पष्ट की आण्णांनी नातीला सप्तर्षी आणि मृग दाखवून गावाकडे राखणीला जाताना वेळ कशी कळायची ते सांगितलं. दहा वर्षं मी इथे आहे, ते मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

नटबोल्ट_काका

वडिलांनी मोठं काम केलं. मी त्याच चुकीने एकदा वाळूत रुतलो होतो, बाहेर काढायला नऊशे डॉलर, कारण रस्त्यावरची मदत देणाऱ्या सेवा कच्च्यावर येत नाहीत. आता आधी पायी चालून रस्ता बघतो, मग गाडी घालतो. फावडं आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या कायम गाडीत.

कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांनी कॅम्पफायर परमिट काढायचं विसरू नका, फुकट आहे, ऑनलाइन मिळतं, आणि नुसती गॅसची शेगडी बाहेर पेटवायलाही लागतं. उन्हाळ्यात आगीचे निर्बंध रोज बदलतात.

गावाकडून

इथे असं गाडी घेऊन माळावर राहिलं तर सकाळी पोलीस पाटील येतील चौकशीला. पण ताई, तुमच्या आईंचा पाण्याचा हिशोब मी घरात वाचून दाखवला. माझी आजी म्हणाली पेले आधी, कढई शेवटी, हे बरोबर आहे, फक्त ताकाचं भांडं सगळ्यात शेवटी.

माणदेशी_लेक

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणते बरोबर आहे आजींचं, ती ताकाचं सांगायला विसरली.

बे_एरियातला_बाप

पाच आठवड्यांनी परत लिहितोय. प्लोमोसा रोडवरून. एक काडी सिग्नल आहे म्हणून पटकन टाकतो. ऑफिसला फोन केला होता, बाईंनी कुठला रस्ता नांगरल्यासारखा झालाय ते सांगितलं, म्हणून वाचलो. बॅटरी वेगळी आणली. वॉश ओळखता आला, पाचोळ्यावरूनच, मोठ्या मुलाने ओळखला. भांडी पातेल्यात, पेले आधी. चार माणसं, ४० गॅलन, आज पाचवी सकाळ, आणि टाकीत अजून पाव हिस्सा दाखवतंय.